जानकीताईचे वाकडे ओंडके

हे लिहिणारच नव्हतो मी. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. पण हल्ली वखारीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी मला वरून खालपर्यंत बघतं आणि मग विचारतं, "तो तूच का?" म्हणजे गोष्ट फिरतेच आहे. मग माझ्या तोंडून फिरलेली काय वाईट? लोकांच्या गोष्टीत मी होडी बुडवलीय. मी होडी बुडवलेली नाही. तेवढं आधीच क्लिअर करतो.

तर मी प्रितम. दहिसरला नदीच्या अलीकडे धोंडिरामकाकांची लाकडाची वखार आहे, तिथे बँडसॉवर असतो. दोन मोठ्या चाकांवर करवतीचं पातं गरगर फिरतं, पुढून ओंडका सरकवायचा, मागून फळी धरायची. पुढे मी, मागे माझा दोस्त सम्यक. सम्यक घाटकोपरचा. वखारीचा टेम्पोही तोच चालवतो, आणि माझ्या प्रत्येक आयडियावर "नक्की ना?" विचारायचं कामही तोच करतो.

आता खरं सांगतो. वाकड्या लाकडातून सरळ फळी काढण्यात माझा हात धरणारा दहिसर ते दादर कोणी नाही, असं माझं स्पष्ट मत होतं! कोणी शिकवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. आणि प्रॅक्टिसला आमच्याकडे तोटा नाही, कारण मुंबईतलं झाड सरळ वाढतच नाही. इकडे बिल्डिंग, तिकडे केबलची वायर, वरून पालिकेची करवत. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला माणूस जशी मान काढतो, तशी झाडं मान काढून वाढतात.

त्यावर उपाय सोपा. ओंडका जिथे वळतो, बरोबर तिथेच तोडायचा. एकाचे दोन झाले की दोन्ही बऱ्यापैकी सरळ. मग उरलंसुरलं कुबड छिलून टाकायचं. कुठे तोडायचं ते काका बघतात आणि गेरूने लाल रेघ मारतात. लाल रेघ दिसली की तोड. डोकं लावायचं नाही.

काकांच्या भाचीचं लग्न होतं, ते गावी निघाले. जाताना म्हणाले, कोपऱ्यात बाभळीचे दोन ओंडके आहेत, वेसाव्याच्या जानकीताईचे. खुणा केल्यात, खुणा बघून काप, अडलं तर फोन कर. मला अडणार? मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही बिनधास्त पंगतीला बसा.

कोपऱ्यात गेलो आणि बघतच राहिलो. असले वाकडे ओंडके मी जन्मात पाहिले नव्हते! एक पोट दुखत असल्यासारखा दुमडलेला, दुसरा अंगात आलेल्या बाईसारखा मागे झुकलेला. म्हटलं वा, ही तर फायनल परीक्षा.

सम्यक खाली वाकून बघत होता. म्हणाला, रेघ आडवी नाहीये, लांबच्या लांब ओढलीय, बाकाबाकाने गेलीय. काकांना फोन लावू या का?

"अरे काकांचं वय झालं. हात हलला असेल."

"एवढा? या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"तू मागे जा, मशीन चालू करतो."

ओंडके कापले. बाकावर तोडले, कुबडं छिलली, बाभळीच्या त्या टणक लाकडाने पातं किंचाळायला लागलं तरी मी सोडलं नाही. संध्याकाळी थप्पी लावून बघतो तर काय, एकेक फळी फुटपट्टीसारखी! एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. मग फोटो काढून वखारीच्या नंबरवरून स्टेटसला टाकला. पहिला अंगठा कोणाचा आला? जानकीताईचा. बिचारीला काय माहीत, फोटो कुणाच्या लाकडांचा आहे ते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. हातभर बांगड्या, चालणं असं की वखारीतली कुत्रीसुद्धा उठून बाजूला झाली. इकडे तिकडे बघून तिने लाकडं कुठे आहेत विचारलं. मी फळ्यांवर थाप मारली, म्हटलं हीच की ताई, दोरा धरून बघा.

ताई थप्पीवर मटकन बसली. पदर डोळ्याला लावला. मी सम्यकला कोपराने ढोसलं. गहिवरली रे! आपल्या कामाला आजवर असं कोणी रडलं नव्हतं.

"पोरा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यातला वाकरेपना खय गेला?"

"सगळा काढून टाकला, ताई."

"मना तोच पायजे व्हता."

आता इथे मशीन बंद होतं, तरी मला कानात पातं फिरल्याचा आवाज येत होता.

मग तिने जे सांगितलं ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. होडीच्या पोटाला आतून फासळ्या असतात, माणसाला असतात तशा. त्या सरळ फळी कापून करता येत नाहीत, पहिल्या मोठ्या लाटेला मोडतात. झाडच मुळात तसं वळलेलं लागतं, म्हणजे लाकडाच्या आतली रेषा वळणाबरोबर जाते आणि फासळी टिकते. तिच्या होडीच्या पुढच्या फासळ्या कुजल्या होत्या. अख्खा उन्हाळा ती पालिकेच्या फांद्या तोडणाऱ्या गाड्यांच्या मागे फिरली. लोक पोरीला स्थळ बघत फिरतात, तशी ही वाकडं झाड बघत फिरली! तेव्हा कुठे हे दोन मिळाले होते. काकांची ती लांब लाल रेघ म्हणजे, या बाकाला हात लावू नकोस.

होडी वेसाव्याच्या वाळूत पोट उघडं टाकून उभी होती. होडीचा मिस्त्री आठवड्याच्या शेवटी वसईला दुसऱ्या कामावर जाणार, मग हाती लागणार नाही. नारळी पुनवेला सगळ्यांच्या होड्या निघणार, हिची काठावर बसणार, आणि तिचा नवरा आणि दीर दुसऱ्याच्या होडीवर गडी म्हणून जाणार. हे सांगताना ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काकांना फोन लावला. मागे बँजो वाजत होता. मी सगळं सांगितलं. बँजो चालूच राहिला. मग त्यांनी मला एक हाक मारली, ती इथे लिहीत नाही. पुढे म्हणाले, सकाळपर्यंत पोचतो, तोवर बाई सांगेल ते कर.

बाईने सांगितलं, टेम्पो काढ.

तिच्याकडे फर्मा होता. म्हणजे मिस्त्रीने फासळीच्या आकाराचा कापून दिलेला प्लायचा तुकडा, मोठ्या केळ्यासारखा. तो मांडीवर घेऊन ती पुढे बसली आणि आम्ही निघालो जगात वाकडं शोधायला. आणि तुम्हाला सांगतो, इतके दिवस वाकड्याने माझा जीव खाल्ला होता, त्या दिवशी अख्खी मुंबई सरळ झाली होती! घाटकोपरच्या एका वखारवाल्याला मी विचारलं, शेठ, वाकडं आहे का? तो असा बघायला लागला जणू मी त्याच्या खानदानाबद्दल विचारलं. म्हणाला, आमच्याकडे वाकडं मिळत नाही, दुसरीकडे बघा. पुढचा तर म्हणाला, थोडा बाक आहे, सांभाळून घ्याल का? आम्ही धावत गेलो. दांडी होती हो, दांडी! झेंडा लावला असता तर शोभली असती.

मुलुंडला एका गल्लीतून जाताना जानकीताईने एकदम सम्यकच्या खांद्यावर हात मारला. टेम्पो वेडावाकडा थांबला. एका जुन्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, पंपरूमच्या मागे, तोडलेल्या जांभळाचं खोड पडलं होतं. पाण्याच्या टाकीला वळसा घालून वाढलेलं. काय वळण होतं! मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या ओंडक्याला सुंदर म्हटलं.

गेटवर वॉचमनने विचारलं काय काम आहे. सम्यक घाईत म्हणून गेला, माप घ्यायचंय.

झालं! जुनी बिल्डिंग पाडून टॉवर बांधून देणाऱ्या बिल्डरची वाट बघणाऱ्या सोसायटीत माप म्हणजे एकच. वॉचमनने लगेच वर इंटरकॉम लावला. आम्ही खोडावर फर्मा ठेवला, तर तो असा बसला जशी डोक्यावर टोपी. ताईने हात जोडले. आणि मान वर करतो तर प्रत्येक बाल्कनीत माणूस.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश बर्म्युडावर धावत खाली आले. पहिलाच प्रश्न, "कोणत्या बिल्डरकडून?"

मी म्हटलं बिल्डर नाही, आम्ही वखारवाले, हे लाकूड मिळालं तर बघत होतो. ते गोड हसले. म्हणाले, हो हो, लाकूड, समजलं. मागच्या बिल्डरची माणसंही म्हणे फक्त झाडं बघायला आली होती. तोवर निम्मी सोसायटी खाली उतरली. तळमजल्याच्या रुक्मिणीकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, किचनला खिडकी येईल ना? मागून कोणीतरी पार्किंगचं काढलं, आणि पार्किंग म्हटल्यावर दोघं तिथल्या तिथे भांडायलाही लागले. मी जितकं नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री पटत होती की बोलणी गुप्त आहेत.

शेवटी जानकीताईनेच सांगितलं, "आमाला होरी करायचीय. ह्यो तिचा आकार." आणि फर्मा उभा धरला.

सगळे फर्म्याकडे बघत राहिले. चंद्रप्रकाश हळूच म्हणाले, "म्हणजे टॉवर होडीच्या शेपचा?"

"दुबईत आहे तसला," मागून आवाज आला.

आता याच्यावर काय बोलणार? मी परत सांगितलं, खरी होडी, पाण्यातली, मासे धरायची. सम्यक साक्षीला आहे. रुक्मिणीकाकूंनी मला डोळा मारला! आणि मग ज्या सोसायटीचं बिल्डिंगला कुठला रंग लावायचा यावर कधी एकमत झालं नव्हतं, ती सोसायटी एकजुटीने वाकली, खोड उचललं आणि आमच्या टेम्पोत ठेवलं. जागा मोकळी होतेय, शुभ आहे, असं कोणीतरी म्हणालं. गेटपर्यंत पोचवायला आले. एका आजोबांनी टेम्पोला हळद-कुंकूही लावलं.

सकाळी काका आले, शर्टाला लग्नाची हळद तशीच. मला वाटलं आता मशीनवर तेच उभे राहणार. पण त्यांनी गेरू घेतला, बाकाबाकाने एक लांब रेघ ओढली, मुद्दाम सावकाश, माझ्या नाकासमोर. मग हात पुढे करून दाखवला. हलत नव्हता. म्हणाले, "आता तूच काप."

खोड कुशीवर झोपवलं, म्हणजे बाक फळीच्या आत राहतो, पात्याखाली मरत नाही. सरकवताना घाम माझ्या नाकावरून खोडावर पडत होता. सगळं आयुष्य वाकडं काढून टाकण्यात गेलं आणि आता वाकडं जपायचं! मागे सम्यक एकदाही "नक्की ना?" म्हणाला नाही, त्यामुळे तर जास्तच भीती वाटली. पण फळी बाहेर आली ती धनुष्यासारखी. दुसरी तशीच. शेवटची हातात घेऊन मी उगाच कुरवाळत बसलो तेव्हा काकांनी पातं बंद केलं.

टेम्पो थेट वेसाव्याला. मिस्त्रीने फर्मा लावला, उलटा करून लावला, तोंडातली तंबाखू थुंकली आणि वसईच्या माणसाला फोन करून सांगितलं की उशिरा येतो. जानकीताईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी दोन पावलं पाण्यात गेलो. माफी मिळाली असं मी समजलो.

नारळी पुनवेला आम्हाला बोलावणं आलं. रंगवलेल्या होड्या, पताका, बाया नाचतायत, कर्णे एकमेकांवर ओरडतायत. जानकीताईची होडी पाण्यात उतरली, डुलली आणि तरंगली. ताईने नारळ सोडला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. या वेळी मी सम्यकला कोपर मारलं नाही. माझेच डोळे चुरचुरत होते.

मग तिने आम्हा दोघांना होडीत चढवलं. नको म्हणायची सोय नव्हती. सम्यकला पोहता येत नाही, मला येतं असं मी फक्त सांगतो. खाडीच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आली, होडी वर गेली, पोटातून कर्र असा आवाज आला. सम्यकने दोन्ही हातांनी फासळी घट्ट धरली.

"प्रित्या, खरं सांग. ही जुनी आहे की तू कापलेली?"

मी अभिमानाने म्हटलं, "मी कापलेली."

त्याने ती सोडली आणि रांगत जाऊन पुढची धरली.

"ती पन त्याचीच रं," सुकाणूजवळून जानकीताई म्हणाली, आणि तिचा नवरा आणि दीर इतके हसले की होडी जास्तच हलायला लागली.

होडी मस्त चालली, हे परत एकदा लिहितो. पाणी थेंबभर आत आलं नाही. परत आल्यावर सम्यक वाळूवर उताणा पडला, आकाशाकडे बघत. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला शब्द दिला, की बाबा, यापुढे मी कापलेल्या कुठल्याही लाकडावर आधी मी बसेन, मोडलं नाही तर मग तू. स्टूल असलं तरी.