यंत्राला पटलेलं दुखणं

एका जंगलात, मुलांनो, माळाच्या कडेला ठिपकेदार हरणांचा एक कळप राहायचा. जंगल फार जुनं होतं, पण मोबाईलला रेंज चांगली होती. तेव्हा ही गोष्ट कधीची, ते विचारू नका.

त्या कळपात शेवरी नावाची एक हरणी होती. शेवरी दमायची. आता दमतात सगळेच. पण शेवरी झोपून उठायची तीच दमलेली. सकाळी तिचे सांधे सुजायचे. ऊन लागलं की दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठायचा.

तिची सासू धायटीबाई कळपाची प्रमुख होती. माळावर पहाऱ्याला कोणी उभं राहायचं, ते तीच ठरवायची.

"एवढे ठिपके आहेत अंगावर, त्यात दोन वाढले," धायटीबाई म्हणाली. "आम्ही अख्खे उन्हाळे माळावर काढले. आम्हाला नाही कधी काही झालं."

शेवरीच्या नवऱ्याचं नाव पांगारा. तो स्वभावाने चांगला होता. चांगला म्हणजे, आई बोलायला लागली की तो खाली मान घालून गवत खायचा.

उपाय पुष्कळ झाले. अस्वलाने मध चाटायला सांगितलं. वानराने प्राणायाम सांगितला. एका सशाने मन रमवायला सांगितलं आणि स्वतः निघून गेला. शेवटी शेवरी एकटीच चालत पलीकडच्या तळ्यावर गेली. तिथे डॉक्टर करकोचेबाई होत्या. त्या सांध्यांच्या मोठ्या डॉक्टर. त्यांनी शेवरीचं सगळं ऐकून घेतलं. मग रक्त तपासलं, लघवी तपासली.

"तुम्हाला ल्यूपस झालाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय हो?"

"प्रत्येकाच्या शरीरात पहारेकरी असतात. बाहेरून जंतू आले की ते त्यांना मारतात. तुमच्या पहारेकऱ्यांना आपलं कोण, परकं कोण, हेच कळेनासं झालंय. ते घरातच काठ्या चालवतायत. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर. मूत्रपिंडांवर चालवल्या, तर मात्र जिवावर बेतू शकतं. हा आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. औषध रोज घ्यायचं. ऊन टाळायचं. आणि मला कळवत राहायचं."

शेवरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घाबरू नका," करकोचेबाई म्हणाल्या.

"घाबरले नाही," शेवरी म्हणाली. "त्याला नाव आहे, म्हणून रडू आलं."

नंतर पांगारा भेटायला आला, तेव्हा करकोचेबाईंनी एक चूक केली. ल्यूपस या शब्दाचा एका जुन्या परक्या भाषेत अर्थ लांडगा असा होतो, असं त्या सहज बोलून गेल्या. पांगाऱ्याने ते घरी सांगितलं. धायटीबाईने कळपाची तातडीची सभा बोलावली. सभा पळता पळता झाली.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा कळवल्यावर कळप परत आला. शेवरीला मात्र जरा लांब बसायला सांगण्यात आलं. खबरदारी म्हणून.

तळं दूर होतं. म्हणून करकोचेबाईंनी शेवरीच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. पुढच्या पायाला बांधायला एक पट्टाही दिला. पट्टा पावलं, झोप आणि नाडी मोजायचा. अ‍ॅप गोळीची आठवण करायचं, ऊन कडक असलं की सावलीत बसायला सांगायचं. आणि रोज विचारायचं, की आज कसं वाटतंय. शेवरी जे लिहायची, ते संध्याकाळी करकोचेबाई तळ्याकाठी एका पायावर उभ्या राहून वाचायच्या. काही वेगळं दिसलं तर फोन करायच्या.

शेवरी हळूहळू सावरली. चट्टा फिका पडला. ती कळपाबरोबर चरायला जाऊ लागली.

ही बातमी कोल्हेसाहेबांपर्यंत गेली. कोल्हेसाहेब जंगलाच्या डिजिटल आरोग्य खात्याचे संचालक होते. त्यांना अ‍ॅप आवडलं. त्यांनी ते खात्याकडे घेतलं आणि सुधारलं.

"एवढं कोण वाचत बसणार?" कोल्हेसाहेब सभेत म्हणाले. "आता पट्ट्याच्या पडद्यावर एकच चेहरा दिसेल. तब्येत चांगली तर चेहरा हिरवा, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. लाल झाला तरच डॉक्टरांना निरोप जाईल. तज्ज्ञांचा वेळ वाचेल."

"आणि चेहरा कशावरून ठरणार?" शेवरीने विचारलं.

"पावलांवरून," कोल्हेसाहेब म्हणाले. "जो चालतो, तो निरोगी. हे सगळ्या जगाने मान्य केलेलं आहे."

सर्वांनी खूर वाजवले. कळपातल्या प्रत्येकाला पट्टा मिळाला. धायटीबाईला ही सोय फारच पटली. कोणाचं दुखतंय आणि कोणाचं नाटक चाललंय, हे आता मान वळवून पाहिलं की कळत होतं. तिने नियमच केला. ज्याचा चेहरा हिरवा असेल, त्याने दुपारच्या पहाऱ्याला उभं राहायचं.

त्याच सुमारास शेवरीचं दुखणं परत उचल खाऊ लागलं. बसलं की सांधे आखडायचे. म्हणून ती करवंदीच्या जाळीभोवती फिरत राहायची. फिरली की पावलं वाढायची. पावलं वाढली की चेहरा हिरवा व्हायचा. चेहरा हिरवा झाला की तिची दुपारच्या पहाऱ्याला नेमणूक व्हायची. माळावर झाड नव्हतं.

"आत्याबाई, माझ्या पायांना सूज येतेय," शेवरी म्हणाली.

धायटीबाईने पट्ट्याकडे पाहिलं. "हिरवा आहे."

"लघवीला फेस येतोय."

"अगं, हिरवा आहे म्हणते ना. गडद हिरवा. माझा तर पोपटीच्या पुढे जात नाही."

शेवरी पांगाऱ्याकडे गेली. "अहो, मला बरं वाटत नाही."

पांगाऱ्याने पडदा नीट पुसला आणि पुन्हा पाहिला. "पण इथे तर छान दाखवतंय," तो प्रेमाने म्हणाला.

मग शेवरीने तेच अ‍ॅपमध्ये लिहिलं. रोज लिहिलं. डॉक्टरांचा फोन आला नाही. तिलाही वाटू लागलं, की आपलंच काहीतरी चुकत असेल. एवढे सगळे म्हणतायत आणि यंत्रही म्हणतंय. तिने दुखणं कोणाला सांगायचं सोडून दिलं. ती नुसती फिरत राहिली.

वर्षअखेर खात्याने बक्षीस जाहीर केलं. जंगलातली सर्वात निरोगी हरणी, शेवरी.

समारंभ माळावर, भर दुपारी ठेवला होता. फोटो उजेडात चांगले येतात म्हणून. सिंहमहाराज सावलीत बसले होते. कोल्हेसाहेबांचं भाषण लांबलं. शेवरी उन्हात उभी होती. तिच्या गालांवरचा चट्टा भडकला होता.

"रसरशीत चेहरा बघा," कोल्हेसाहेब म्हणाले.

त्यांनी हार पुढे केला आणि शेवरी कोसळली.

पट्ट्याने मंजुळ आवाज केला. "छान! आपण विश्रांती घेत आहात."

कळप गोळा झाला. प्रत्येकाने वाकून आधी पट्टा पाहिला. "हिरवाच आहे की," धायटीबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता.

पांगारा पुढे आला. त्याने पट्ट्याकडे पाहिलं नाही. शेवरीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पाय खांबासारखे झाले होते. हे आज झालेलं नव्हतं, एवढं त्यालाही कळलं. त्याने तिला ओढत जांभळीखाली नेलं आणि करकोचेबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"मला पाय दाखवा," करकोचेबाई म्हणाल्या. "खुराने दाबा. आता सोडा."

पायावर खळगा पडला. तो तसाच राहिला.

"लघवीला फेस येतो का?"

पांगाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. शेवरी डोळे न उघडता म्हणाली, "येतो. किती दिवस लिहितेय मी तुम्हाला."

"मला तुमचा एकही निरोप आलेला नाही."

सगळ्यांनी कोल्हेसाहेबांकडे पाहिलं.

"निरोप खात्यात अगदी सुरक्षित आहेत," कोल्हेसाहेब म्हणाले. "आम्ही ते मोजतो. सर्वांत जास्त सहभाग शेवरीताईंचाच आहे."

"त्यांना ताबडतोब इकडे घेऊन या," करकोचेबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडं सुजली असणार. उद्या म्हणू नका."

रानगव्याच्या पाठीवर घालून शेवरीला तळ्यावर नेलं. सुईने मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला. करकोचेबाईंचा अंदाज खरा निघाला. जबर औषधं सुरू झाली. काही दिवस काहीच सांगता येत नव्हतं. पांगारा तिथेच पाण्याकाठी बसून राहिला.

सूज उतरायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "तू मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," शेवरी म्हणाली. "तुम्ही पडदा पुसत होतात."

पांगाऱ्याने खाली मान घातली, पण गवत खाल्लं नाही. मग म्हणाला, "दुपारचा पहारा इथून पुढे मी करीन. आईला मी सांगतो." आणि मुलांनो, त्याने खरोखरच सांगितलं. पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला नाही, म्हणून दोनदा सांगितलं.

शेवरी बरी झाली, म्हणजे आजार ताब्यात आला. करकोचेबाईंनी पट्टा फेकून दिला नाही. त्यांनी फक्त शेवरीच्या पट्ट्यावरचा तो चेहरा काढून टाकला आणि निरोप पूर्वीसारखे थेट स्वतःकडे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात शेवरीने लिहिलं, की सकाळी सांधे जास्त आखडतायत. पट्टा सांगत होता, की झोप तुटक होतेय. करकोचेबाईंनी दोन्ही एकत्र वाचलं, त्याच दिवशी फोन केला, तपासणी केली, औषध बदललं. दुखणं वाढलंच नाही. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जंगलात त्याची चर्चा झाली नाही.

कोल्हेसाहेबांनी अहवाल दिला. खात्याच्या योजनेमुळे एक गंभीर रुग्ण भर समारंभात, सर्वांसमक्ष सापडला, असं त्यात होतं. त्यांना बढती मिळाली.

एके दिवशी धायटीबाई लंगडत शेवरीपाशी आली. ती थोडा वेळ इकडेतिकडे पाहत राहिली.

"माझा चेहरा हिरवा आहे," ती हळूच म्हणाली. "पण गुडघा दुखतोय गं. खरंच दुखत असेल का?"

"दुखतोय ना?" शेवरी म्हणाली. "मग दुखतोयच. बसा इथे."

ती सरकली आणि तिने सासूला सावलीत जागा करून दिली.

तात्पर्य: दुखणं खरं असून भागत नाही, ते आधी यंत्राला पटवून द्यावं लागतं. तोवर दम धरवत नसेल, तर निदान चालू नये. फार चाललात, तर बक्षीस घ्यायला उन्हात उभं राहावं लागेल.