मंगळ हलला, दुर्बीण नाही

जी वस्तू हलते ती बिघडलेली असते, या भक्कम सिद्धांतावर आपले दुरुस्तीशास्त्र उभे आहे. खुर्ची हलली की पाचर, दार हलले की खिळा, आणि खिळ्याने भागत नसेल तिथे वेल्डिंग. पालममध्ये या शास्त्राचे सर्वोच्च अधिकारी बन्सीधर. त्यांनी जोडलेली एकही ट्रॉली पुन्हा हलल्याची तक्रार नाही. (काहींची चाकेही फिरत नाहीत, पण तो वेगळा विभाग.)

इथल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवप्रकाश सरांची हौसेची दुर्बीण आहे. तिच्या स्टँडचा फिरता सांधा मोडला. एरवी यामुळे तालुक्याचे काही अडले नसते, पण शेजारच्या राजेश्रीचे अडले. राजेश्री चौतीस वर्षांची, अंगणवाडी चालवते, आणि तिच्या पत्रिकेत मंगळ आहे. या मंगळाने सात स्थळे परत पाठवली. आठवे राणीसावरगावचे होते आणि या खेपेस मुलगा तिला आवडला होता. मुलाकडच्यांची हरकत नव्हती. हरकत तिच्याच वडिलांची, आबासाहेबांची होती. इतका प्रामाणिक बाप दुसरा नाही. (कुणी विचारले नाही तरी मंगळ ते आधी सांगतात.)

"आबा, ज्याच्यापायी तुमी न्हाई म्हनायलाव, त्याला एकदा डोळ्यानं बघा तरी," राजेश्री म्हणाली.

"बघतो की. दुर्बीण नीट होऊ दे," आबासाहेब म्हणाले.

बन्सीधर सामान घेऊन सरांच्या गच्चीवर चढले. सर चहा घेऊन वर येईपर्यंत सांधा जोडून झाला होता आणि स्टँडचे तिन्ही पाय वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांना पक्के झाले होते.

"आता भूकंप झाला तरी हालनार न्हाई, सर."

"बन्सीभाऊ, ते हलायलाच पायजे होतं!"

"हलत होतं म्हनूनच मोडलं ना?"

विज्ञानाने चहाचा कप पुढे केला.

दुर्बीण आकाशाकडे वळत नाही म्हटल्यावर आकाशाने दुर्बिणीकडे यायचे ठरले. सरांनी गणित मांडले: एकोणचाळीस दिवसांनी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मंगळ आपण होऊन नळीसमोर येईल आणि दोन मिनिटे दिसेल. राणीसावरगावकरांनी तोवर थांबायचे कबूल केले. (त्यांना ‘एक पाहुणे यायचे आहेत’ एवढेच कळवले होते.)

त्या संध्याकाळी आबासाहेब टोपी काढून वाकले. राजेश्री कठडा धरून उभी होती. तिचे हात गार पडले होते. अशा लेखात हे बसत नाही, पण पडले होते.

"लाल हाय. लय बारका हाय," आबासाहेब म्हणाले. मग एकदम ओरडले, "आरं, हा तर सरकायलाय! सर, तुमची दुर्बीण हलायली!"

"वेल्डिंग माझं हाय," बन्सीधर उखडले. "दुर्बीण हलत नसती. हलला आसंल तर मंगळ."

आबासाहेबांनी डोळा काढला नाही. "चालला... काठाला गेला... गेला! पोरीचा मंगळ गेला! म्या सोता जाताना बघितला!"

सरांनी पृथ्वी फिरते हे सांगायला तोंड उघडले. राजेश्रीने त्यांच्याकडे पाहिले. सरांनी तोंड मिटले. लग्नाची पहिली पत्रिका त्यांना आली.

श्रेय अर्थात दुरुस्तीचे. सांधा नीट झाला असता तर सर दुर्बीण मंगळामागे फिरवत बसले असते, आणि मंगळ तसाच ठाण मांडून राहिला असता. आता सरांनी नवा सांधा मागवला आहे, पण गाव तो बसवू देत नाही. पुढच्या खेपेसाठी नोंदवहीत दोनशे सहा नावे आहेत: मंगळ १४१, शनी ६४, आणि एका गृहस्थांना चंद्र घालवायचा आहे. (चौकशी सुरू आहे.)

खेड्यातली अडाणी माणसे, असे आपण म्हणाल. म्हणून मी वही पाहिली. निरक्षर चार. बाकी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, आणि ‘माझा विश्वास नाही हो, पण घरच्यांच्या समाधानासाठी’ असे फोनवर हळू आवाजात सांगून नाव लावणारे.

आपला नंबर एकशे अठरा आहे. वेळेवर या, मंगळ थांबत नाही.