दोघांचा मिळून एक दौलत

रविवार तोंडावर आला, तरी आदिनाथची कथा काही केल्या आवरेना. भोकरदनच्या एका वाचनालयानं कथावाचनाची स्पर्धा ठेवली होती. वाचायला मिळणार दहा मिनिटं, आणि याची कथा ऐकताना बायको तृप्तीची एक डुलकी काढून व्हायची. आदिनाथ जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर बी चाळून खडा-माती बाजूला काढायची हे त्याचं काम. पण स्वतःच्या लिखाणातलं एक वाक्य काढायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. याआधी दोनदा तो उतरला होता आणि दोन्ही वेळा उत्तेजनार्थ बक्षिसालाही त्याचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. गावी धावड्याला भावकीतले लोक त्याला ‘लेखकराव’ म्हणून चिडवायचे. या खेपेला त्यांची तोंडं बंद करायचीच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

कथा घरचीच होती. आदिनाथचे वडील पुंजाराम आणि चुलते तातेराव या दोघा भावांनी मिळून धावड्याच्या रानात विहीर खोदली, तिला पाणी लागलं त्या दिवसाची. हे भाऊ आता एकमेकांशी बोलत नाहीत, हे मात्र त्यानं लिहिलं नव्हतं. एका हिवाळ्यात पुंजारामच्या पाण्याच्या पाळीला कोणीतरी मधेच मोटार बंद केली, त्याचा हरभरा वाळला आणि तेव्हापासून अबोला पडला. पण विहीर एक, मोटार एक, त्यामुळे बोलल्यावाचून भागायचं नाही. मग दोघं हातभर अंतरावर उभे राहायचे आणि मधे आदिनाथची आई नंदाबाई. पुंजाराम तिला म्हणायचा, त्याला सांग, उद्या माझी पाळी आहे. तातेराव म्हणायचा, वहिनी, दादाला सांगा, मला ठाऊक आहे. बिचारी दोन्हीकडे नुसती मान हलवायची.

शेवटी तृप्तीच म्हणाली की तिच्या शाळेतले सर फोनमधल्या एआयकडून भाषणं बसवून घेतात, तुम्हीही विचारून बघा. आदिनाथनं आधी नाक मुरडलं आणि मग गुपचूप सगळी कथा त्याला देऊन टाकली. एआयनं क्षणात उत्तर दिलं. आधी भाषेचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग मुद्द्यावर आला. “दोन्ही भाऊ कथेत एकच काम करत आहेत. त्यांचं एकच पात्र केल्यास रचना अधिक घट्ट होईल.”

आदिनाथ उठला, गॅलरीत गेला, परत आला, पाणी प्यायला, पुन्हा गॅलरीत गेला. बापाला आणि काकाला एक करायचं म्हणजे काय खेळ आहे? पण दहा मिनिटं डोळ्यांपुढे नाचत होती. त्यानं मन घट्ट केलं, दोघांचा मिळून ‘दौलत’ नावाचा एकच गडी केला, आणि काय सांगावं, कथा अगदी सुतासारखी सरळ झाली. आनंदाच्या भरात त्यानं आईला फोन लावून ती वाचूनही दाखवली. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. नंदाबाईला कमी ऐकू यायचं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर, आणि त्या वेळी ओट्यावर तिच्यासोबत शेंगा फोडत बसली होती तातेरावची बायको, केशरबाई.

जेवणं व्हायच्या आत पुंजारामचा फोन आला.

“माझा अन् त्याचा मिळून एकच माणूस केला म्हणे तू? आमचं बोलणं न्हाई, अन् तू आम्हाला एका सदऱ्यात घालून राह्यला?”

तो ठेवतो न ठेवतो तोच तातेरावचा. त्याचं म्हणणं, पहार त्यानं चालवली, खडक त्यानं फोडला, हाताला फोड त्याला आले, आणि आता नाव कोण्या दौलतचं. दादा तर वर उभा राहून नुसता दोर ओढत होता. त्याच्यासोबत एका माणसात राहायला तो बिलकुल तयार नव्हता. मागोमाग केशरबाई बोलली. ती काही चिडलेली नव्हती, तिला फक्त एक विचारायचं होतं.

“दौलतला भाकर घेऊन विहिरीवर जाती ती कोण रे? मी, का जाऊबाई? एका माणसाला दोघी तर न्हाई ना ठेवल्या तू?”

हा विचार एआयच्याही डोक्यात आला नव्हता. आदिनाथनं सगळी हकीकत लिहिली आणि दोघांना पुन्हा वेगळं कसं करू, असं विचारलं. एआय शांतच होता. दोन भाऊ वेगळे ठेवायचे असतील तर त्यांच्यात काही संघर्ष हवा, तसा काही आहे का, असं त्यानं विचारलं. आदिनाथला हसावं की रडावं कळेना. मोटार, हरभरा, अबोला, मधे उभी राहणारी आई, सगळं त्यानं भडाभडा लिहून काढलं.

“त्यांचा समेट कसा होतो?” एआयनं विचारलं.

“झालाच नाही.”

“मग तुमची कथा अजून संपलेली नाही.”

आदिनाथनं फोन उलटा ठेवला. त्याला खरोखर वाईट वाटलं. त्याच्या लग्नाच्या फोटोतही बाप एका टोकाला आणि काका दुसऱ्या टोकाला उभा होता. झोप तर उडालीच होती. रात्रभर कुशी बदलून झाल्यावर, नवऱ्यापायी आपलीही झोप मोडली म्हणून तृप्ती करवादली, तेव्हा तो उठला आणि कोणालाही न विचारता त्यानं दौलतचे पुन्हा दोन भाऊ केले, त्यांचं भांडण घातलं आणि शेवट लिहिला. साफ खोटा होता, पण लिहून त्याला बरं वाटलं.

रविवारी अख्खी भावकी टेम्पो करून भोकरदनला हजर. कौतुकाला नव्हे, आपापला हिस्सा बराबर आला की नाही ते बघायला. पुंजाराम पुढं ड्रायव्हरजवळ बसून आला, तातेराव मागं. सभागृहातही दोघांनी दोन कोपरे धरले. आदिनाथनं पहिलं पान घाईघाईत वाचलं, पण विहिरीचं वर्णन झाल्यावर आवाज सुटला. खडक फुटला, पाणी लागलं, मोटार बंद झाली, हरभरा वाळला. लोक पुढं सरकून ऐकू लागले. मग त्यानं शेवट वाचला. “धाकटा म्हणाला, दादा, त्या दिवशी मोटार मीच बंद केली होती. चुकलं माझं.”

“थांब जरा, आदिनाथ,” तातेराव उठून उभा राहिला. “मी असं कधी म्हणलो?”

तिकडच्या कोपऱ्यात पुंजाराम उठला. त्यानं सवयीनं नंदाबाईला शोधलं, पण ती बायकांत पार मागं बसली होती. मग त्याचा इलाज खुंटला.

“न्हाई म्हणलास, ते मला ठाऊक हाय,” तो थेट भावाला म्हणाला. “म्हणला असतास तर येवढं झालंच नसतं.”

तातेरावनं खाली बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

“आता माईकवर म्हणून झालंय ना. समद्यांनी ऐकलं. परत काय म्हणायचं?”

पुंजारामनं बराच विचार केला.

“तेवढं बस झालं,” तो म्हणाला. “आदिनाथ, मंग मी काय म्हणलो ते वाच.”

आदिनाथनं पान उलटलं. त्यानं वाचलं की थोरला म्हणाला, पाणी दोघांचं आहे. पुंजारामनं मान डोलवून सांगितलं की मंजूर आहे. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली, आणि दोघं भाऊ एकाच दारानं बाहेर पडले.

निकाल लागला. परीक्षक उभे राहिले आणि आदिनाथचं नाव घेऊन म्हणाले की रचना फार चांगली होती, पहिला नंबरही देता आला असता, पण श्रोत्यांत नट बसवणं नियमात बसत नाही. “शिवाय,” ते चष्मा पुसत म्हणाले, “त्या दोघांचं काम पटलं नाही. सख्खे भाऊ असे बोलत नसतात.”

आदिनाथ तोंड पाडून बाहेर आला. टपरीवर पुंजाराम आणि तातेराव एकच चहा अर्धा-अर्धा करून पीत होते, आणि नंदाबाई बाजूला उगीच उभी होती. त्यानं परीक्षकांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तातेरावनं भावाकडं बघितलं.

पुंजारामनं चहाचा घोट घेतला. “त्याला भाऊ नसंल,” तो म्हणाला.