रुक्माक्कांची खिडकी

रुक्माक्कांच्या खिडकीवरून औषध न्यायचं असेल तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. गोळ्या समजावून झाल्या तरी त्या पिशवी घट्ट धरून ठेवतात आणि म्हणतात, "आता तुम्ही सांगा बघू." मागे वीस माणसांची रांग कान टवकारून उभी, आणि एक मिशाळ पोलीस इन्स्पेक्टर "जेवणाआधी अर्धी, चावायची नाही" म्हणतोय, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. चुकला, तर त्यालाही पुन्हा पहिल्यापासून.

बसवनगुडीतल्या एका लहानशा हॉस्पिटलच्या फार्मसीत आम्ही दोघी शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसतो. मी नागपूरची, डी. फार्म., नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळुरात आलेली. त्या इथल्याच, कित्येक पिढ्यांच्या. मराठी बोलतात, पण मधेमधे कानडी पेरत, "स्वल्प थांब ग, घाई कशाला? सरी, आता दे," असं.

पहिल्या दिवशी मी स्ट्रिप कापायला घेतली तर केवढ्यांदा ओरडल्या! मला वाटलं पाल पडली.

"तारखेच्या बाजूने कापतात काय ग? उरलेल्या गोळ्यांचं वय कोण सांगणार, तू?"

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा. माझा हात झपाझप चालायचा. कानडीही मी चार महिन्यांत शिकले होते. त्यांचा एक पेशंट होईस्तोवर माझे तीन व्हायचे. रांगेतली माणसं कुरकुरायची. शेवटी मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, की एक तारखेपासून रुक्माक्का तळघरातल्या स्टोअरमध्ये आणि त्यांची मोठी खिडकी माझ्याकडे. अक्का एवढंच म्हणाल्या, "तळघरात कोण येतं हो साहेब?" मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. वर्षभरात मोठी खिडकी म्हणजे काय चेष्टा आहे का!

दोनच दिवस उरले होते. साहेब घड्याळ लावून माझा वेग बघत उभे होते, आणि मी तर नुसती सुटले होते. रंगप्पा नावाचे निवृत्त बस कंडक्टर आले. सांध्यांच्या दुखण्यावर एक गोळी असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं, पाकिटावर लिहिलं, "समजलं ना?" विचारलं. त्यांनी मान हलवली. पुढचा!

"थांबा अण्णा," शेजारून अक्का म्हणाल्या. "कशी घेणार, सांगा बघू."

"रोज सकाळी एक," रंगप्पा म्हणाले. "बाकीच्या गोळ्यांबरोबर."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं.

अक्कांनी रंगप्पांना खुर्ची दिली, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहिलं आणि तीनदा म्हणवून घेतलं. मागून साहेब पुटपुटले, "तळघराचं राहू दे." मोठी खिडकी गेली म्हणून मला वाईट वाटलं असेल असं वाटतं? छे! सुटले बाई, एवढंच वाटलं.

पण माफी मागायची होती, आणि फार्मसीत सगळ्यांसमोर जीभ रेटेना. म्हणून रविवारी पेढे घेऊन येलहंक्याला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, लख्ख आवरलेल्या, आणि अक्का एकट्या. समोर एक वही आणि कानाला फोन.

"बस ग, स्वल्प काम आहे."

आठवड्याच्या गोळीवाले सगळे पेशंट त्या वहीत होते. डॉक्टरांना कुठलाही वार चालतो, पण यांनी सगळ्यांना रविवारच दिला होता. गोळीची चौकशी अर्ध्या मिनिटात उरकायची. मग नातवाचा दात, जावयाची बदली, आंब्याचं लोणचं. अक्का खळखळून हसत होत्या. फार्मसीत त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. रंगप्पांनी तर त्यांना पंधरा मिनिटं सोडलं नाही.

शेवटच्या नंबरवर एक सूनबाई बोलल्या. सासूबाईंची गोळी डॉक्टरांनी बंद केली, आता फोन करायची तसदी नको.

"बंद? बरं झालं, फार बरं झालं," अक्का म्हणाल्या. फोन ठेवला, आणि त्या नावावर रेघ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

ही बाई खिडकीवर हटून का बसते, ते मला तेव्हा कळलं. तळघरात नुसती खोकी असतात. आणि यांना तिथे पाठवायला मी आनंदाने निघाले होते. माझी मलाच लाज वाटली. माफीबिफी राहिली बाजूला, मी नुसती पेढ्यांचा पुडा सोडत बसले.

"तुला ग?" अक्कांनी विचारलं. "आठवड्याची काही गोळी चालू आहे?"

"नाही हो अक्का."

"बरं आहे. तब्येत जप."

"पण रविवारी मी घरीच असते," मी म्हटलं. "दहाच्या सुमारास फोन करत जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढली, खाली माझं नाव लिहिलं, आणि औषधाचा रकाना मोकळा सोडला.