पायगोंडा आप्पांनी पाळलेलं भूत

रस्त्यावर गाड्यांची रांग असली तर पायगोंडा आप्पा हात वर करून खुशाल पलीकडं जातात. रस्ता रिकामा दिसला की मात्र जागचे हलत नाहीत. मान किंचित तिरकी करतात, डोळे मिटतात आणि पुटपुटतात, "मागं अजून एक हाय."

आणि असतंच, एखादं वाहन.

मी इथं अंगणवाडीत रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी हे बघितलं. आमचं गाव निपाणीहून बोरगावकडं जाताना लागतं. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधे एक आंधळं वळण. वळणाच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला अंगणवाडी. मोकळ्या रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभा असलेला हा उंच, वाळका म्हातारा बघून मी हसू दाबलं आणि पाऊल उचललं. तेवढ्यात उसातूनच निघाल्यासारखी एक जीप माझ्या पदराला वारा घालून गेली.

"बघितलंसा न्हवं?" आप्पांनी डोळे उघडले. "उसाची ट्रॉली गेली की माणसाला वाटतंय, संपलं. ट्रॉलीच्या आडोशाला दुसरं असतंय."

हे वाक्य ते कुठंही बोलतात, ही खरी अडचण. एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याला स्मशानात पोचवून लोक परतत होते. आप्पा रस्त्याकडेला थबकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मागं अजून एक हाय." ते मोटारसायकलबद्दल बोलत होते. पण सगळे म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, आणि पुढं बरेच दिवस गावात कुणी पोटभर जेवलं नाही.

ह्या आप्पांनी माझ्याकडं आपणहून काम मागितलं. "बाई, तुम्ही अक्षरं शिकवा. रस्ता मी शिकवतो."

अंगणात चुन्यानं रस्ता आखला. ट्रॉली ते स्वतः व्हायचे. डोक्यावरून बारदान पांघरायचं, पाठीमागं उसाची कांडकी लोंबत सोडायची आणि अगदी गप्प उभं राहायचं. आमच्याकडची पोरं चालत्या ट्रॉलीमागं पळून ऊस ओढतात. ती खोड मोडायला हे सोंग. बराच वेळ काही व्हायचं नाही. मग बारदानातून मऊ आवाज यायचा, "ये की बाळ. घे की ऊस."

तीन-चार वर्षांची पोरं. एखादं पुढं व्हायचंच. बारदान गर्रकन फिरायचं आणि पोराला पोटाशी धरून ओरडायचं, "निल्ल!"

थांब म्हणायला कन्नड का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मराठीत थांब म्हटलं की पोरं 'का?' म्हणत्यात. निल्ल म्हटलं की थांबत्यात."

पालक तक्रार घेऊन आले. एक आई म्हणाली, "आप्पा, पोरगं ऊसच खाईना झालंय वो."

"जित्तं हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं. ती बाई पोराला कडेवर घेऊन परत गेली.

हळूहळू पोरं आप्पांसारखी झाली. थंडीत सकाळी धुकं उसावरून रस्त्यावर उतरतं. त्या धुक्यात एवढीएवढीशी पोरं एकमेकांचे हात धरून कडेला उभी. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला तिरक्या, डोळे मिटलेले. मीच त्यांची टीचर, पण माझ्याही अंगावर काटा यायचा. एका मोटारसायकलवाल्यानं ते बघितलं, गाडी वळवली आणि आला तसा परत गेला. संध्याकाळपर्यंत बातमी झाली की वळणावर काहीतरी आहे. लोक तिथं गाड्या सावकाश हाकू लागले.

आप्पांना हे फार आवडलं. "गाड्या हळू व्हाव्यात म्हणून पंचायतीकडं हंप मागून मागून दमलो. भूत फुकट मिळालं!"

मग त्यांनी ते भूत पाळलंच. वळणावरच्या बाभळीखाली लिंबं ठेवायची. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोकांना आवाज खाली आणून सांगायचं: पांढरं लुगडं, मोकळे केस, वळणावर उभी असती, जोरात येणाऱ्याच्या मागं बसून जाती. स्वतःचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. जैन माणूस, खोटं बोलल्याचं पाप लागतं म्हणून चतुर्दशीला उपास करायचे.

आप्पांची बायको, पद्माक्का, ह्याच वळणावर गेली होती. मी यायच्या पुष्कळ आधी. डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन शेतावर निघाली होती. ट्रॉली जाईपर्यंत थांबली, मग निघाली. ट्रॉलीच्या आडून गाडी आली. गावानं मला हे सांगितलं. आप्पांनी कधीच नाही.

ह्या हंगामातली गोष्ट. धुकं इतकं होतं की हातभरावरचं माणूस दिसत नव्हतं. मी पुढं, मधे पोरं, शेवटी आप्पा, असे आम्ही रस्त्याच्या मध्यावर आलो आणि वळणापलीकडून ट्रॅक्टरवर लावलेली गाणी ऐकू आली. जवळ, फार जवळ. आप्पांनाही ह्या वेळी आधी कळलं नव्हतं. "निल्ल" म्हणावं की "पळा", हे त्यांना सुचेना. तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. गाणी बंद झाली.

आम्ही पोरांना ओढत अंगणवाडीत नेलं. थोड्या वेळानं धुक्यातून ड्रायव्हर चालत आला. तरणा गडी, पण ओठ पांढरे पडलेले. पाणी मागितलं.

"वळणाच्या अलीकडं बाई उभी हुती. तिनं हात केला म्हणून थांबलो. खाली उतरून बघतोय तर कुणीच न्हाय."

मला वाटलं, आता आप्पा मला डोळा घालणार. भूत कामाला आलं होतं.

"पांढरं लुगडं न्हवं?" मीच विचारलं.

"न्हाय बाई. हिरवं. डोक्यावर बुट्टी हुती. उजव्या हातानं बुट्टी धरलेली अन् डावा हात असा वर."

आप्पांच्या हातातला तांब्या खाली पडला. पाणी सगळ्या चुन्याच्या रस्त्यावर पसरलं.

"डावा?" त्यांनी विचारलं. "नीट आठव, लेकरा. डावाच?"

"डावाच, आप्पा."

"डावखुरी हुती ती," आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले. पद्माक्काबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. मग ड्रायव्हरला हाताला धरून पायरीवर बसवलं, स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसले. चेहरा दिसला का, दमलेली वाटत होती का, काही बोलली का, एकेक विचारत राहिले. तो बिचारा जमेल तसं सांगत होता. आता आप्पांचीच भीती वाटावी असं ते त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"आप्पा, कोण हुती ती?" त्यानं शेवटी विचारलं.

"घरातलीच हाय." मग म्हणाले, "लुगड्यावर पांघराय काय हुतं रं? एवढ्या थंडीत?"

"काय न्हवतं, आप्पा."

दुपारी धुकं विरल्यावर बाभळीच्या खालच्या फांदीवर एक शाल दिसली. आप्पांनी भुताचं सोंग आणखी वाढवलं, असं म्हणत गाव हसलं. मी जवळ जाऊन बघितलं. शाल जुनी होती, पण कधीच पांघरलेली नव्हती. घडीवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिला फांदीभोवती सैलसर गाठ मारली होती.