सोनकांबळेबाईंची तपासणी

सोनकांबळेबाई छत्री विकत घ्यायला गेल्या की दुकानदाराकडं आधी तांब्याभर पाणी मागतात. त्याला वाटतं, बाईंना तहान लागली. बाई छत्री उघडतात, त्याच्याच हातात देतात, "धरा डोक्यावर" म्हणतात आणि वरून तांब्या रिकामा करतात. परभणीच्या बाजारातला एक दुकानदार अजूनही बाईंना लांबून पाहिलं की "छत्र्या संपल्या" म्हणतो. भर उन्हाळ्यातसुद्धा.

आमची बियाण्यांची कंपनी पिंगळीच्या रस्त्याला आहे. मी तिथं कारकून आणि बाई प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं, हे त्यांचं काम. पास झालेल्या मालाला हिरवा शिक्का, नापासाला लाल. ट्रक दारात उभा असो, मालक खुर्चीत बसलेला असो, बाई कागद उलगडल्याशिवाय शिक्का उचलत नाहीत. "उगवलं तर खरं," एवढंच म्हणतात. कुणाच्या पोराला नोकरी लागणार असली, नवा रस्ता मंजूर झाला, साहेबांनी पगारवाढीचं तोंडी सांगितलं, तरी बाईंचं तेच. उगवलं तर खरं.

माझ्या वास्तुशांतीला सगळे जिलेबीवर तुटून पडले होते, तेव्हा बाई एकेका खिडकीची कडी लावून पाहत होत्या. जाताना म्हणाल्या, "मोरे, घर चांगलंय. मागली कडी तेवढी नापास हाय." पंधरा दिवसांत त्याच खिडकीतून मांजर आलं आणि पातेलंभर दूध पिऊन गेलं.

अशा बाईंच्या हाती आमच्या देशमुख साहेबांनी दानाची पेटी दिली.

झालं असं, की पुण्याच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. प्रत्येक शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी गरजूंसाठी काहीतरी द्यावं. आमच्या वाट्याला पालमचं मुलींचं वसतिगृह आलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ज्या शाखेच्या वस्तू सगळ्यात जास्त भरतील तिला ढाल मिळेल. साहेबांनी पत्रातली एवढीच ओळ वाचली असावी. व्हरांड्यात फ्रिजएवढं खोकं आलं. रोज सकाळी साहेब हजेरीच्या रजिस्टरपाशी उभे राहू लागले. "काय आणलं? काहीच न्हाई? बघा बुवा, पुण्याला नावं कळवायचीत."

मग काय, घरोघरचे माळे उपसले गेले. मीही चेन तुटलेली एक पँट नेऊन टाकली. घर मोकळं झालं आणि वर पुण्य पदरात, या आनंदात आम्ही सगळे होतो. चार दिवसांत खोकं तुडुंब भरलं. "बाई, मोजायला तुमच्यासारखं कुणी न्हाई," साहेब म्हणाले. "यादी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं जवळजवळ रिकामं होतं आणि व्हरांडाभर ढीग पडला होता. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर लाल शिक्का. "साडीवर हळदीचा डाग. नापास." "मोजा एकच. दुसऱ्या पायानं काय करायचं? नापास." "चेन तुटकी, मोरे यांची. नापास." आणि सगळ्यात वर साहेबांचा सफारी. "पोरींच्या वसतिगृहात सफारी कोण घालणार? नापास."

साहेब चिठ्ठी हातात घेऊनच प्रयोगशाळेत शिरले. आम्ही दाराशी गोळा झालो.

"बाई, हे काय लावलंय? फुकट द्यायलोत आपण. फुकटच्या वस्तूत काय तपासायचं?"

बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. "साहेब, उद्या शेतकऱ्याला फुकट बी वाटायचं ठरलं, तर न उगवणारं देताल का?"

"ते बियाणं हाय!"

"आन् ह्या पोरी हायत."

साहेबांनी चिठ्ठी खिशात कोंबली. मग म्हणाले, "अहो, ढाल जाईल आपली."

"जाऊ द्या. ढालीला काय कोंब फुटत न्हाईत. त्या पोरींना काय पायजे, हे कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी तिथल्या तिथं पालमला फोन लावला आणि आवाज मोठा केला. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना प्रश्नच कळेना. "काय पायजे म्हणजे? जे द्याल ते घेतो की हो आमी." आमच्या बाईंनी पुन्हा विचारलं. मग दबकत उत्तर आलं, "एक मोठा आरसा भेटला तर बघा. चाळीस पोरी हायत आन् तळहाताएवढा एक आरसा. सकाळी शाळेच्या वेळेला लय भांडणं व्हायलीत."

साहेब केबिनमध्ये गेले.

त्या दिवशी आम्ही सगळे आपापलं गाठोडं काखेत मारून घरी परतलो. अपमान झाला होता, त्यात शंका नव्हती. पण दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या शेख चाचांनी कोरं करकरीत दप्तर आणलं. बाईंनी त्यात सोयाबीनच्या पिशव्या भरल्या आणि दप्तर खिळ्याला टांगून ठेवलं. चाचा दर तासाला फाटक सोडून बघायला येत. संध्याकाळपर्यंत पट्टा टिकला आणि हिरवा शिक्का बसला. चाचा चिठ्ठी उंच धरून आख्ख्या गोदामात फिरले. "देखो, बाईने पास किया! पहिला नंबर माझा!"

तिथून सगळ्यांना चेव आला. जो तो बाईंकडून पास व्हायला धडपडू लागला. पॅकिंगच्या बायकांनी मिळून सुती चादरी आणल्या. बाईंनी एक भिजवली, पिळली, रंग गेला नाही, पास. मी सहा कंपासपेट्या घेऊन गेलो. बाईंनी एकीतला कंपास काढून कागदावर गोल फिरवला. रेघ जिथून निघाली तिथंच येऊन बरोबर मिळाली. मी शाळेत कधी पहिल्या दहात आलो नाही, पण ती हिरवी चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

साहेब मात्र लागोपाठ तीनदा नापास झाले. घोंगडीचे केस गळाले. बूट सगळे एकाच मापाचे निघाले. पेनं वाळलेली होती. "बाई, निदान एक तरी पेन बघा हो," म्हणत ते स्वतः कागदावर रेघोट्या ओढत बसले होते.

शनिवारी फाटकात टेम्पो शिरला. मागं दोरीनं बांधलेलं कपाट आणि कपाटाच्या दाराला डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा. साहेबांच्या घरचं, त्यांच्या लग्नातलं.

"घरी मॅडम काय म्हणल्या?" मी हळूच विचारलं.

"काय म्हणणार? जिन्यावरून उतरवताना खालून तिनंच धरलं होतं."

सगळी शाखा जमली. बाईंनी कुलूप लावलं, काढलं. खण ओढले. मग आरशापुढं उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, दोन पावलं मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. साहेब परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे घाम पुसत होते. बाईंनी शिक्का उचलला. हिरवा! टाळ्यांनी गोदाम दणाणलं, चाचांनी फाटकावरची शिट्टी फुंकली आणि साहेबांनी आनंदाच्या भरात टेम्पोवाल्यालाच मिठी मारली.

संख्येत आमची शाखा अर्थातच शेवटची आली. पुण्याहून एका बाईंचा फोन आला. एवढ्या कमी वस्तू का, आणि निदान वस्तू घेतानाचे मुलींचे फोटो तरी पाठवा. साहेब म्हणाले, "मॅडम, फोटो कपाटाचा पाठवतो. पोरींचा न्हाई." आणि झालेला सगळा प्रकार त्यांनी रंगवून सांगितला. पलीकडच्या बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी सोनकांबळेबाईंची तपासणीची पद्धत लिहून मागितली. यंदा सगळ्या शाखांना आलेल्या फॉर्मवर एक नवा रकाना आहे, "ही वस्तू तुम्ही स्वतःच्या मुलीला द्याल का?" साहेबांनी त्या फॉर्मला चौकट करून घेतली आणि ढालीसाठी ठोकून ठेवलेल्या खिळ्यावर टांगली. आलेल्या प्रत्येकाला ते अभिमानानं सांगतात, "सफारी धरून चारदा नापास झालोय मी."

त्या वर्षी सामान द्यायला बाई, मी आणि चाचा पालमला गेलो होतो. आरसा भिंतीशी उभा राहिला आणि पोरींची रांग लागली. एकीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वेणीचं टोक मागून पाहिलं. दुसरी नुसतीच वळून वळून हसत होती.

वाटप चाललं असताना बाईंनी पिशवीतून दोन खिशांचा निळा फ्रॉक काढला आणि एका किडकिडीत पोरीला दिला. पोरीनं तो उलटसुलट केला, वास घेतला. "बाई, आधी कुणाचा होता ह्यो?"

"कुणाचाच न्हवता. तुझ्यापासून सुरू."

यादी मीच टाइप केली होती. त्यात हा फ्रॉक नव्हता.

परतताना गंगाखेडला चहाला थांबलो. चाचा गाडीत पाणी भरायला गेले, तेव्हा मी फ्रॉकचं विचारलं.

"मीच शिवला," बाई म्हणाल्या. "दोनदा उसवला, तिसऱ्यांदा पास झाला. घरी काय, मशीन हाय आन् मी हाय."

बाई कपाकडं बघत होत्या.

"पाचवीत मला असाच वाटपातला फ्रॉक भेटला होता. गुलाबी. लय सुंदर. घालून वर्गात गेले, तर एका पोरीनं ओळखला. वाईट न्हवती हो ती. खुशीतच म्हणली, अगं, हा तर माझा! आन् काखेतली शिवण दाखवली सगळ्यांना, तिच्या आईनं घातलेली."

"मग?"

"मग काय. दुसरा न्हवता. वर्षभर त्योच घातला. शिवण दिसू न्हाई म्हणून हात दाबून बसायची. गुरुजी प्रश्न विचारायचे, पण मी एकदा बी हात वर न्हाई केला."

त्यांनी आपला कप खाली ठेवला.

"येत होतं मोरे मला. सगळं येत होतं."

मग माझ्या कपाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "प्या. गार व्हायलाय."