आक्कांना ऐकू येणारा रेडिओ

दत्तूअण्णा रेडिओ विकत घेताना ऐकत नसत, हुंगत. निपाणीच्या जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेला बंद सेट उचलायचा, मागच्या भोकांना नाक लावायचं आणि जाहीर करायचं, "जळका वास न्हाय. जीव हाय ह्यात!" बाजारातली माणसं हसायची. मी पडलो शेजारी. तो जीव माझ्याच भिंतीपलीकडं परत येणार असायचा.

झालं होतं असं, की टायफॉइडच्या तापात आक्कांचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे, कान गेले. अण्णा तंबाखूच्या वखारीतून नुकतेच रिटायर झालेले. हिला ऐकू येईल असा रेडिओ उभा करीनच, असं त्यांनी मनावर घेतलं. घरोघरी ट्रान्झिस्टर आल्यानं मोठे लाकडी सेट मातीमोल झाले होते. अण्णा ते आणायचे, व्हॉल्व्ह बदलायचे, तुटक्या तारांना डाख द्यायचे. एकदा चिकोडीहून एक धूड मांडीवर घेऊन एस.टी.तून आले. कंडक्टर लगेज मागायला लागला तर म्हणाले, "पेशंट हाय रं, लगेज कशाचं?"

सेट सुरू झाला की आक्कांना शेजारी बसवायचं आणि आवाज पुरता सोडायचा. सांगली केंद्राच्या बातम्या पार स्टँडापर्यंत जायच्या.

"आलं का गं ऐकू?"

"न्हाय वो!"

की पुन्हा खटपट. संध्याकाळभर हेच.

एकदा डोकं उठलं म्हणून भांडायलाच गेलो. अण्णा बाजारात गेलेले, आक्का पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. मी आपला पुटपुटलो, "काय खुळा माणूस आहे!"

"खुळं म्हणू नगंस त्यांस्नी," आक्का न वळताच म्हणाल्या.

मी चाट! आक्का हसायला लागल्या. "कान कवाच बरं झालं रं. पण ऐकू आलं म्हटलं तर ह्यांनी दिवसभर करायचं काय? रिटायर झाल्यावर नुसतं भिंतीकडं बघत बसायचे. बोलू नगंस कुठं."

असली गोष्ट माझ्या पोटात राहतेय होय! अण्णा परतताना कोपऱ्यावरच गाठले आणि सगळं ओकलो.

अण्णांनी बगलेतला नवा सेट सावरला. "म्हाईत हाय मला. बहिरी असती तर माझ्या 'आलं का गं ऐकू'ला 'न्हाय' म्हणाली असती व्हय?"

"मग हा गोंगाट कशाला, अण्णा?"

"जलमभर चुलीपुढनं उठली न्हाय बघ. रेडिओ तपासायला म्हणून तेवढी जवळ येऊन बसती." मग घराकडं बघत त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "तिला सांगू नगंस हं. ऐकू आलं म्हणली, की उठून जाईल रं."